पुढचा डावा

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली दुपार, साडेतीनचा सुमार. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा रस्ता संपतो आणि गट्टू, म्हणजे जमिनीत बसवलेले ठोकळे, सुरू होतात. दोघांमध्ये चांगली चार बोटांची पायरी आहे. तिथे गाडी उतरली आणि खालून कुणीतरी टक् केलं. एकदाच. भर दुपारी आलेल्या पाहुण्याने दारावर बोट वाजवावं आणि घरची झोपली असतील म्हणून तसंच परत फिरावं, तसं.

मी रिव्हर्स घेतला, परत सिमेंटवर चढलो, परत उतरलो. टक्. काच खाली करून पुन्हा एकदा. लू तोंडावर आली, पण टक् स्पष्ट आलं. पुढून, डावीकडून. चौथ्या वेळी समोरच्या काकू गच्चीवरच्या कुरड्या उचलता उचलता वाकल्या आणि म्हणाल्या, ‘‘काही पडलं का जी?’’

बायकोला संध्याकाळी त्याच जागी मुद्दाम नेलं. ती म्हणाली, ‘‘मला तर काहीच नाही आलं ऐकू. आणि आलं असेल तर मेकॅनिकला देऊन दे ना.’’ यातल्या दुसऱ्या वाक्यावर मी बोललो नाही. पहिल्यावर मात्र रात्रभर विचार करत होतो. इतका स्वच्छ आवाज माणसाला ऐकू येत नाही म्हणजे काय?

ही कानाची खोड माझी नाही, बाबांची आहे. बाबा वीज मंडळात होते. रात्री जेवताना घास हातात धरून मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, ‘‘चौकातली डीपी गुणगुणून राहिली.’’ आम्ही भावंडं कान टवकारायचो. आम्हाला आईच्या बांगड्या ऐकू यायच्या, बाजूच्या घरातला रेडिओ ऐकू यायचा, डीपी काही ऐकू यायची नाही. दोन दिवसांनी ती डीपी खरंच बसायची आणि अख्खी गल्ली गच्चीवर झोपायला जायची. पंख्याचं बेअरिंग, कूलरच्या पंपात अडकलेली काडी, माझ्या सायकलच्या फ्रीव्हीलमधली सुटलेली एकच गोळी, सगळं त्यांना पलीकडच्या खोलीतून कळे. लग्नाच्या जेवणावळीतसुद्धा त्यांचं लक्ष मांडवामागच्या जनरेटरकडे.

गेल्या तीन वर्षांत त्यांचे कान गेले. मशीन आणलं, तपासून बसवलं, पण ते टेबलाच्या खणात असतं. ‘‘त्यात माणसं कमी न कूलर जास्त ऐकू येते,’’ असं त्यांचं म्हणणं. नागपुरात मार्च सरता सरता कूलर लागतो तो मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत उतरत नाही, तेव्हा त्यांचं अगदीच चुकतं असं नाही.

गाडी त्यांचीच. २००३ची मारुती ८००, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, पांढरी. कंपनीने हे मॉडेल बनवणं २०१४च्या जानेवारीत थांबवलं. आम्ही चालवणं थांबवलेलं नाही. पंधरा वर्षं झाली तेव्हा एकदा आणि त्यानंतर पाच वर्षांनी पुन्हा, अशी दोनदा आरटीओत नेऊन नव्याने नोंदवून आणली. घरात दुसरी मोठी गाडी आहे. तिच्यात कुठलाच आवाज येत नाही, म्हणून मला तिच्याबद्दल काही मतच नाही.

रविवारी पहाटे साडेपाचला मी अंगणात उतरलो. उन्हाळ्यात असली कामं साडेआठच्या आत आटपावी लागतात. त्यानंतर उन्हात पडलेला पाना उचलला की माणूस तो परत फेकतो. आधी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दाबली आणि सोडली. शॉकप ठीक असेल तर गाडी एकदा वर येऊन मुकाट उभी राहते. आमची दोन-तीनदा मान हलवून मग थांबली. उजवीकडेही तेच. म्हणजे दोन्ही गेलेले.

शाळेतल्या पुस्तकात याला धक्काशोषक म्हणतात, ते नाव मला पहिल्यापासून पटलेलं नाही. धक्का झेलते ती स्प्रिंग. झेलल्यावर ती नाचत राहील, तिला नाचू द्यायचं नाही एवढंच शॉकपचं काम. आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. तेल त्या भोकांतून रेटून जाताना कुरकुरतं, त्यात स्प्रिंगची मस्ती जिरते आणि तिची उष्णता होते. लांबचा खराब रस्ता तुडवून आल्यावर शॉकपला हात लावून पाहा, गरम लागतो. सील फाटलं, तेल पाझरून गेलं, की नुसतीच नळी उरते.

पण शॉकप गेला तर गाडी डुलते. टक् करत नाही. टक् दुसऱ्याचं होतं.

जॅक लावला, घोडीवर गाडी टेकवली, चाक काढलं आणि ते काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या दाराखालच्या पट्टीखाली सरकवलं. हा बाबांचा नियम. जॅक सुटला, घोडी घसरली, तरी गाडी चाकावर पडेल, माणसावर नाही. मी टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घेऊन चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मशी खटपट करत होतो तेवढ्यात पायाशी प्लास्टिकचं स्टूल सरकल्याचा आवाज आला. बाबा. बनियनवर, हातात चहाचा कप. मी हाक मारलेली नव्हती.

‘‘काय झालं?’’

मी ओरडून सांगितलं, ‘‘टक् होते. पुढचा डावा.’’

ऐकू आलं की नाही कोण जाणे. कप खाली ठेवून ते वाकले, वाकताना हूं झालं, आणि आर्म जिथे गाडीच्या अंगाला जोडलेला असतो तिथे त्यांनी तळहात ठेवला. ‘‘हालव.’’

मी टॉमीने आर्म रेटला.

‘‘हळू. आता सोड.’’ हात जरा सरकवला. ‘‘पुन्हा.’’ मग मान हलवली. ‘‘बॉल जॉइंट चांगला आहे. हा बुश गेला. तू मागल्या वेळी लटकत्या चाकावर कसला असशील.’’

हे त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही, कारण ते खरं होतं. दीड वर्षापूर्वी हाच बुश मी स्वतः बदलला होता. लोखंडाच्या दोन नळ्या एकात एक, मध्ये रबर चिकटवलेलं. चाक वर-खाली होताना ते रबर पिळतं आणि परत येतं, फिरत नाही. म्हणून त्याचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी असताना, तिचं वजन तिच्या पायांवर असताना. चाक हवेत लोंबकळत असताना आवळला तर रबराला तीच आपली बसायची जागा वाटते. गाडी खाली आली की ते उभ्या उभ्या पिळलेलं राहतं. रस्त्यावर नाही, नुसतं अंगणात उभं असतानाही. ते टिकणार किती? पण गाडी खाली आल्यावर हात घालायला वीतभर जागा उरत नाही, पाना फिरत नाही, आणि नऊ वाजलेले असतात. कसला मी वरच. माझ्यासारखे बरेच असतील.

स्पेअर पार्ट आणायला घाट रोडला गेलो. काउंटरवरच्या पोराने मान वर न करता विचारलं, ‘‘कार्बोरेटर का एमपीएफआय?’’ मग, ‘‘ओरिजिनल देऊ का लोकल?’’ आणि मी उत्तर द्यायच्या आत, ‘‘दादा, अजून चालवून राहिले का हे?’’ हे त्याने कौतुकाने म्हटलं की दयेने, ते ठरवता आलं नाही. दोन शॉकप घेतले. एकच का नाही, असं शेजारी उभ्या गृहस्थांनी विचारलं. एक नवा आणि एक जुना लावला तर गाडी एका पायात बूट घातल्यासारखी चालते. स्टॅबिलायझर बारचे रबरही घेतले, कारण हात घातलाच आहे. या ‘हात घातलाच आहे’मध्ये आजवर माझे किती पैसे गेले याचा हिशेब घरात कुणाकडे नाही, हे बरं आहे.

शॉकप घरी बसवले नाहीत, हे कबूल करून टाकतो. या गाडीत स्प्रिंग शॉकपवरच चढवलेली असते. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४०च्या दशकात ही युक्ती काढली आणि जगातल्या निम्म्या लहान गाड्या तिच्यावर चालल्या. पण दाबून बसवलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा घेऊन जाते. तेव्हा दोन्ही बाजूंचे ढाचे काढून पिशवीत घातले आणि स्प्रिंग दाबायचा शिकंजा असलेल्या गॅरेजात दिले. लोअर आर्म घेऊन लेथवाल्याकडे गेलो. जुना बुश प्रेसला दाद देईना, तेव्हा त्याने गॅसची ज्योत लावली. काळा धूर निघाला, आणि रबराचा तो वास आला.

त्या वासाबरोबर १९८४चा मार्च आला. मी आठ वर्षांचा. काकांची फियाट, काटोलहून परतीचा रस्ता, गाडीत आम्ही सात जण आणि डिकीत मृग बहाराची संत्री. संत्री किती होती यावर काका आणि बाबांचं पुढची वीस वर्षं एकमत झालं नाही. कळमेश्वरच्या अलीकडे बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, ‘‘थांबव.’’ काका म्हणाले, ‘‘काहून?’’ बाबा म्हणाले, ‘‘पाटा बोलून राहिला.’’ काकांनी थांबवली नाही. अर्ध्या मैलावर गाडीची मागची बाजू एकीकडे बसली. पाट्यांच्या थप्पीतला मुख्य पाटा चिरला होता.

आम्हा मुलांना कडुनिंबाखाली उतरवलं. वावरातून एक बाई आली, तिने आम्हाला तांब्याभर ताक दिलं आणि खाटेवर बसवलं. मग तिचा म्हातारा सासरा आला. त्याने गाडीखाली डोकावून पाहिलं आणि बाबांना म्हणाला, ‘‘आमच्या बंडीले असं काई नसते बाप्पा. कडबा टाकला न बसलं.’’ खरंच होतं. आजोबांच्या गावी बैलबंडीत कडब्याचा हातभर थर, त्यावर गोधडी, एवढंच सस्पेन्शन असायचं, आणि ते मोडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. त्याच माणसाने सायकलची जुनी ट्यूब आणून दिली. बाबांनी तिच्या लांब पट्ट्या कापल्या आणि पाट्यावर आवळत आवळत गुंडाळल्या. मी ट्यूबचं टोक धरून होतो. उन्हाने ते रबर हाताला चिकटत होतं. आज लेथवाल्याकडे आला तो वास जळक्या रबराचा होता आणि तो तापल्या रबराचा, पण नाक इतकं बारीक पाहत नाही. निम्मी संत्री त्या घरी उतरवली. मग नागपूरपर्यंत ताशी वीसच्या चालीने, बाबा खिडकीबाहेर कान काढून. कोणी बोललं की ‘श्श’. सात माणसं दीड तास गप्प बसून एका पाट्याचं ऐकत होती. आमच्या घराण्यात इतकी शांतता त्याआधी नव्हती आणि नंतरही झाली नाही.

दुसऱ्या रविवारी सगळं परत चढवलं. एक स्प्लिट पिन आतच तुटली, ती काढण्यात पाऊण तास आणि चौदा-पंधराचा पाना शोधण्यात वीस मिनिटं गेली. पाना बाबांच्या स्टुलाखाली होता. बुशचा बोल्ट नुसता हाताने बसवला. चाकं लावली, गाडी खाली उतरवली, दोनदा दाबून सोडली. मग अंगणातल्या फरशीवर पाठ टेकवून, एक गाल पत्र्याला लावून, पाना एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढा फिरवत आवळला. आठ वाजून गेले होते. बाबा घरात न जाता छत्री घेऊन माझ्या पायांवर सावली धरून बसले होते. मला फक्त छत्रीची काडी आणि त्यांच्या स्लीपर दिसत होत्या.

अलाइनमेंट करून आणली आणि संध्याकाळी त्यांना घेऊन फुटाळ्यापर्यंत गेलो. मशीन त्यांनी लावलं नव्हतं, मी म्हटलंही नाही. गट्टूंवरून उतरलो. काही नाही. सिमेंटवर परत चढलो, परत उतरलो. काही नाही. काकू गच्चीवर नव्हत्या, त्या असत्या तर बरं झालं असतं.

‘‘गेला?’’ बाबांनी विचारलं.

‘‘गेला.’’

ते समोर पाहत बसले. डावा हात खिडकीच्या कडेवर, तळवा पालथा, पत्र्याला टेकलेला. फुटाळ्याच्या वळणावरच्या गतिरोधकावर गाडी चढून उतरली, आणि मागून कुठूनतरी अगदी बारीक, नसल्यासारखं, टिक् झालं. मी ऐकलं. चेहरा हलू दिला नाही आणि भुट्टा खायचा का म्हणून मोठ्याने विचारलं.

बाबांनी खिडकीवरचा हात उचलला, बोटं पँटला पुसली.

‘‘मागचा,’’ ते म्हणाले. ‘‘उजवा.’’