वळचणीचं पाणी

पुण्यात शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडायच्या आधी माळा आवरत होतो, तेव्हा एक रुमाल सापडला. रुमाल म्हणजे दप्तराचे कागद बांधायचं फडकं. आत मोडी लिपीतले २९ कागद. काका लगेच म्हणाले, "पेशव्यांची सनद!" या न पाहिलेल्या सनदेच्या जोरावर आमच्या तीन पिढ्यांनी लग्नाच्या बैठकीत ताठ मानेनं बोलणी केली आहेत.

त्यातला बरा दिसणारा एक कागद मी उत्साहानं कोपऱ्यावर जाऊन लॅमिनेट करून आणला. तोच घेऊन सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात गेलो. तिथल्या एका अभ्यासकांनी तो हातात घेतला आणि नुसतं "अरेरे" म्हणाले. तापवलेलं प्लॅस्टिक कागदाला धरून बसतं, मग सोडवता येत नाही. पुण्यात राहून बोलणी पुष्कळ खाल्लीत, पण हे एका शब्दाचं फार लागलं. असले रुमाल मिळवण्यासाठी इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव वणवण फिरले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, १९१० साली हे मंडळ उभं केलं. आणि मी!

"वाचून कोण देणार?" विचारलं, तर उत्तर आलं, "तुम्हीच. मोडीचा वर्ग असतो."

बाराखडी आठवड्यात आली. वाचन येईना. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहिलेलं, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. वेलांटी सगळी दुसरी, उकार सगळे पहिले. त्यात एकटा 'र' इतकी सोंगं घेतो की बहुरूपी बरा. तारखेला तर तीन दिवस लागले. "खमस सबैन मया व अलफ", म्हणजे अरबी शब्दांत ५, ७०, १०० आणि १०००. जुन्या मराठी कागदांतल्या कालगणनेचा, सुहूर सन ११७५. इसवी सन १७७४-७५.

राघोबादादांना पेशवेपदावरून हटवायचं बारभाईंचं कारस्थान ऐन रंगात आलेलं. काका सरसावून बसले.

कागद निघाला शेजाऱ्याच्या तक्रारीचा. आमच्या वळचणीचं पाणी त्यांच्या अंगणात पडतं, पन्हळ लावून घ्यावी. खाली चार साक्षी.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अजून २८ आहेत."

सध्या सातवा वाचतोय.