उत्तर माहीत असलेले अधिकारी

सीआयएने 2013 साली खुला केलेला यू-2 या टेहळणी विमानाचा इतिहास आज दुपारी वाचताना एका वाक्यापाशी मी थबकलो, आणि ते अजून मनातून जात नाही.

1955 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील एरिया 51 या गुप्त तळावर या विमानाची उड्डाणे सुरू झाली. त्या काळी बहुतेक प्रवासी विमाने 10 ते 20 हजार फुटांवरून जात, तर यू-2 हे विमान 60 हजार फुटांच्याही वर. त्यामुळे खाली अंधारल्यावरही त्याच्या चंदेरी पंखांवर ऊन झळके आणि खालच्या वैमानिकाला आभाळात काहीतरी पेटलेले दिसे. मग असे वैमानिक हवाई दलाला पत्र लिहून ते कळवीत.

अशा पत्रांचा छडा लावणारे, हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या अज्ञात उडत्या वस्तूंच्या (यूएफओ) चौकशी प्रकल्पाचे अधिकारी वॉशिंग्टनमधील यू-2 प्रकल्पाच्या कर्मचाऱ्यांकडे उड्डाणांच्या नोंदी ताडून पाहत आणि बहुतेक प्रकरणांचा उलगडाही करीत, मात्र पत्रलेखकांना खरे कारण सांगण्याची त्यांना मुभा नव्हती. मला अडकवणारे वाक्य हेच.

मग उत्तरात बर्फाचे स्फटिक, तापमानातील उलटापालट (वरची हवा खालच्या हवेपेक्षा उष्ण असणे) अशी नैसर्गिक कारणे दिली जात. (परग्रहवासी आले होते असे मला मुळीच वाटत नाही.) परंतु सरकार काहीतरी लपवीत आहे हा पत्रलेखकांचा संशय खराच होता, फक्त लपवलेली वस्तू याच पृथ्वीवर, कॅलिफोर्नियातील कारखान्यात तयार झालेली होती.

1969 साली ब्लू बुक बंद झाले तेव्हा 12,618 नोंदींपैकी 701 अनुत्तरित राहिल्या. उरलेल्यांची उत्तरे तरी त्या वैमानिकांनी का मानावीत?