एम11, एम6 आणि एम3: पाचवी नोंद, दीड मीटरवरची काडी

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की नव्या, डिजिटल लायका एम11वर 50 मिमी लेन्सने एफ/2ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून, काढलेल्या जवळच्या फोटोंपैकी दहातले तीन-चार किंचित चुकतात. डोळ्यावर फोकस घ्यावा आणि कानाची पाळी जास्त धारदार यावी, तसं. हीच लेन्स लायकाच्याच जुन्या, फिल्मच्या एम3वर इतकी वर्षं वापरली, तिथे हे कधी खुपलं नाही. लेन्स तीच, डोळा तोच. मग चुकतंय कुठे? गेले तीन आठवडे मी याच एका प्रश्नाच्या मागे आहे. आता उत्तर सापडलंय असं वाटतं, म्हणून ही नोंद जरा लांब होणार आहे.

आधी मोजमापं. या कॅमेऱ्यांत फोकस रेंजफाइंडरने जुळवतात: व्ह्यूफाइंडरच्या मधल्या छोट्या चौकोनात, म्हणजे पॅचमध्ये, दुसऱ्या खिडकीतून आलेली प्रतिमा दिसते, ती बाहेरच्या प्रतिमेवर बसली की फोकस झाला. रेंजफाइंडरची अचूकता दोन गोष्टींवर ठरते: त्याच्या दोन खिडक्यांमधलं अंतर, म्हणजे बेस, आणि व्ह्यूफाइंडर प्रतिमा किती मोठी दाखवतो ते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे इफेक्टिव्ह बेस. एम11चा बेस 69.31 मिमी आणि मॅग्निफिकेशन 0.73, म्हणजे गुणाकार 50.6 मिमी. फिल्मच्याच एम6चा 0.72मुळे जवळपास तेवढाच. आणि 1954 सालच्या एम3चं मॅग्निफिकेशन 0.91 असल्याने त्याचा सुमारे 62 मिमी! 60 मेगापिक्सेलच्या सेन्सरसमोर जो फोकस मोजणारा बसलाय, तो सत्तर वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यातल्या मोजणाऱ्यापेक्षा बोथट आहे.

यात कुणी हलगर्जीपणा केला असं मात्र नाही. एम3मध्ये 50, 90 आणि 135 एवढ्याच फ्रेमलाइन्स, म्हणजे त्या-त्या लेन्सला किती दिसेल ते दाखवणाऱ्या चौकटी, आहेत. 35ची चौकट त्या मोठ्या प्रतिमेत मावतच नाही, म्हणून एम3साठीच्या 35 मिमी लेन्सना पुढे चष्मा लावावा लागायचा. नंतरच्या एम2ने मॅग्निफिकेशन 0.72वर आणलं, 35ची चौकट आत बसवली आणि पुढचे सगळे त्याच वाटेने गेले. फिल्मच्या शेवटच्या काळात 0.58, 0.72 आणि 0.85 असे पर्याय तरी मिळत. डिजिटलमध्ये निवड उरली नाही. एम8 आणि एम9 तर 0.68वर होते. एम10ने ते 0.73 केलं आणि एम11ने तेच ठेवलं.

कागदावर हे ठीक. पण 50 आणि 62 यांतला फरक माझ्या डोळ्याला खरंच कळतो का, हे बघायचं होतं. फिल्मवर तपासायचं तर एम3चं फिल्म प्लेन आणि एम11चा सेन्सर यांची तुलना आली, मग ग्रेन, स्कॅनर, सगळ्यांची भेसळ. म्हणून फोटो न काढताच चाचणी केली.

लेन्सच्या फोकस रिंगला एक हलकी, सरळ काडी चिकटपट्टीने लावली, साधारण पंधरा सेंटीमीटर लांब. कॅमेरा ट्रायपॉडवर. काडीच्या टोकामागे कार्डावर चिकटवलेला आलेख कागद, टेबलाला पक्का. रिंग अर्धा मिलिमीटर फिरली की काडीचं टोक सुमारे तीन मिलिमीटर सरकतं, म्हणजे डोळ्याला न दिसणारा फरक दिसायला लागतो. समोर दीड मीटरवर पांढऱ्या कागदावर एकच जाड उभी काळी रेघ. रिंग अनंतावर न्यायची, तिथून जवळ आणत पॅचमधली रेघ बाहेरच्या रेघेवर बसवायची, डोळा काढायचा, आकडा लिहायचा. असं वीस वेळा. मग लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर.

पहिल्या दिवशीचे आकडे मी टाकून दिले. तेव्हा मी कधी अनंताकडून तर कधी जवळून येत होते, आणि दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे पडत होते. हेलिकॉइडमध्ये, म्हणजे लेन्स पुढे-मागे नेणाऱ्या आट्यांत, थोडी ढिलाई असतेच. एकाच बाजूने यायचं ठरवल्यावर आकडे गोळा व्हायला लागले. हे तुम्हीही करून बघा. चाचणीपुरतं नाही, रोजच्या फोटोंतही फरक पडतो.

एम3वर वीसही वाचनं तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात बसली. एम11वर पट्टा जेमतेम चार मिलिमीटरचा झाला. समोरची रेघ मागे-पुढे सरकवून बघितलं, तर कार्डावरचा एक मिलिमीटर म्हणजे दीड मीटरवर साधारण आठ मिलिमीटर. म्हणजे एम3 माझ्या हातात एकूण 24 मिलिमीटरच्या आत राहतो आणि एम11 सुमारे 30च्या.

सहा मिलिमीटरचा फरक. एवढ्याने काय होतं?

होतं. 50 मिमी, एफ/2, दीड मीटर या हिशेबाने जुना, 0.03 मिमी सर्कल ऑफ कन्फ्यूजनचा (म्हणजे एवढ्या आकाराचा धूसर ठिपका चालवून घेण्याचा) नियम लावला, तर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढे-मागे जेवढा पट्टा धारदार दिसतो तो, दहा सेंटीमीटरच्या आसपास येते. फिल्मवर, नेहमीच्या आकाराच्या प्रिंटमध्ये, 24 काय आणि 30 काय, दोन्ही त्यात खुशाल मावतात. पण एम11चा एक पिक्सेल 3.76 मायक्रॉनचा आहे. दोन पिक्सेल एवढाच धूसरपणा चालवून घ्यायचा ठरवला, तर तीच डेप्थ साधारण 26 मिलिमीटरवर येते. एम3चे 24 तिथेही आत बसतात. एम11चे 30 बसत नाहीत. दहातले तीन-चार फोटो कुठे जात होते ते इथे कळलं. कार्डावरचे आकडे आणि हा हिशेब शेजारी मांडले, तेव्हा मी खुर्चीतून उठून दोनदा खोलीत फेऱ्या मारल्या.

फिल्म किती सोसत होती, हे यातून नव्याने कळतं. फिल्म गेटमध्ये ताठ बसत नाही, थोडी फुगते. इमल्शनला स्वतःची जाडी असते. ग्रेन कडा मऊ करतं. सेन्सर म्हणजे सपाट काच. त्यावर जे चुकलं ते चुकलं. माझ्या जुन्या 35 मिमी लेन्सचंच बघा. एम6वर ती मी डोळे मिटून वापरायचे. एम11वर लावून लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून बघितलं, तर दीड मीटरवर फोकस तब्बल चार सेंटीमीटर पुढे पडत होता. इतर लेन्सेस बरोबर आहेत, म्हणजे दोष या लेन्सच्या कॅमचा, लेन्सचं अंतर रेंजफाइंडरला कळवणाऱ्या भागाचा. फिल्मवर 35ची डेप्थ दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटीमीटर असल्याने तो दोष इतकी वर्षं झाकला गेला. लेन्स दुरुस्तीला दिली आहे.

आता उपाय. व्ह्यूफाइंडरच्या आयपीसला 1.25 पटीचा मॅग्निफायर मिळतो. तो लावला की 50.6चे 63 होतात, एम3च्या बरोबरीला. मोठ्या उत्सुकतेने पुन्हा काडी लावली. पट्टा परत तीन मिलिमीटरवर आला! पॅचसुद्धा मोठा दिसतो आणि त्यातली रेघ बसताना हाताला ठामपणा येतो. मोबदल्यात 28ची चौकट नजरेबाहेर जाते आणि 35ची कडेला घासते. माझी निम्म्याहून जास्त कामं 50वर होतात, त्यामुळे तो आता कायमचा लावलाय आणि 35साठी काढते. दुसरा, फुकटचा उपाय म्हणजे एम11ची 18 मेगापिक्सेलची सोय. त्यात दोन पिक्सेलचा हिशेब 47 मिलिमीटरपर्यंत सैल होतो आणि नुसत्या डोळ्याचे 30 त्यात आरामात बसतात. एम9 एवढ्याच पिक्सेलचा होता आणि त्याच्या फायलींवरून काढलेल्या मोठ्या प्रिंट्स मला आजही आवडतात.

फोकस सोडून बाकीचं थोडक्यात.

शटर: एम3चं कापडी शटर 1/1000पर्यंत जातं, एम11चं धातूच्या पात्यांचं 1/4000पर्यंत, आणि इलेक्ट्रॉनिक 1/16000पर्यंत. त्यामुळे भर उन्हात एफ/2 वापरता येतं, जे एम3वर 400च्या फिल्मने अशक्य होतं. पण आवाजात मला एम3च हवा. एम11 मीटरिंग सेन्सरवरच करतो, म्हणून शटर आधी उघडंच असतं. बटण दाबलं की ते आधी मिटतं आणि मग फोटो होतो. ती दुहेरी हालचाल हाताला जाणवते.

हात: फिल्मवर 50 मिमीने 1/30ला मी निर्धास्त असायचे. 60 मेगापिक्सेलवर 1/125लाही हात हललेला दिसतो. आता 1/250च्या खाली जात नाही.

एक्स्पोजर: इथे सवय उलटी करावी लागली. निगेटिव्हवर सावली सांभाळायची, एखादा स्टॉप जास्त दिला तरी निभतं. एम11वर उजेडाचा भाग सांभाळायचा, कारण एकदा पांढरा झाला की तिथे काही उरत नाही. सावली मात्र नंतर हवी तेवढी वर काढता येते. पहिल्या आठवड्यातल्या बऱ्याच फोटोंत आकाश गेलं ते जुन्या सवयीने.

आयएसओची चकती खांद्यावर डाव्या बाजूला आहे, जिथे एम3ची फिल्म गुंडाळायची फिरकी असते, आणि तीही वर ओढूनच फिरवायची. बोटांना ही जागा आधीच पाठ होती. ज्याने कुणी हे ठरवलं त्याने फिल्मवाल्यांचे हात नीट बघितले असणार. अंगठ्याचं मात्र तसं नाही. एम3वर फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढताना डोळा क्षणभर मोकळा व्हायचा, पॅच पुन्हा जुळवला जायचा, पुढची फ्रेम नव्याने बघितली जायची. एम11वर अंगठा मोकळा असल्याने मी जुन्याच फोकसवर तीन-तीन फोटो काढते आणि समोरचा माणूस तेवढ्यात दोन बोटं पुढे सरकलेला असतो. चुकलेल्यांपैकी काही फोटो या खात्यातले आहेत, ते रेंजफाइंडरच्या नावावर घालणं बरोबर नाही. म्हणून प्रत्येक फोटोनंतर रिंग अनंताकडे थोडी नेऊन परत आणायची, असा सराव सुरू केलाय.

पुढचं काम ठरलंय. एम3मध्ये 50 आयएसओची बारीक ग्रेनची फिल्म भरली आहे. दीड मीटरवर, 45 अंशांत तिरकी ठेवलेली पट्टी, अर्धा रोल एफ/2ला, उरलेला एफ/4ला, आणि तेच एम11वर मॅग्निफायर लावून. निगेटिव्ह दहा पटीच्या लूपखाली वाचणार आहे, स्कॅनर मध्ये आणणार नाही. बारा फ्रेम्स झाल्या आहेत, चोवीस बाकी.