वेंगुर्ल्याची कांदळवन सफर: जायच्या आधी तिथी बघा

कोकणात गेलं की समुद्र, मासे आणि देवळं एवढंच होतं आपलं, म्हणून यावेळी मुद्दाम वेंगुर्ल्याला मांडवी खाडीतली कांदळवन सफर, म्हणजे खारफुटीच्या जंगलातून होडीची फेरी, करायला गेलो. स्वामिनी नावाचा महिला बचत गट २०१७ पासून ही सफर चालवतो. वल्हं मारणाऱ्या बायकाच आणि माहिती सांगणाऱ्याही बायकाच, इथल्याच मच्छीमार घरातल्या. आम्ही उतरलो होतो तिथला मालक म्हणाला त्यात काय बघायचंय, मोटरबोटीनं डॉल्फिन बघा. त्याचं ऐकलं नाही ते बरं झालं.

होडीला इंजिन नाही हीच खरी मजा, कारण आवाज नसला की खंड्यासुद्धा होडी पार जवळ येईस्तोवर फांदीवरून हलत नाही. पाणी उतरत होतं, काठाचा चिखल उघडा पडलेला आणि त्यावर निवट्या टुणटुण उड्या मारत पळत होत्या, मासा असून. शेजारी बिळाबिळाच्या तोंडाशी बारके खेकडे, नराची एकच नांगी भलीमोठी आणि ती तो सारखी वरखाली हलवत बसतो, मादीला बोलवायला. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो, कोणी घाई केली नाही.

पुढे बसलेल्या ताई वल्हं थांबवून म्हणाल्या, "ही चिप्पी, हेची मुळां बघा कशी वर इलीहत, श्वास घेवक." (पांढरी चिप्पी २०२० पासून आपल्या राज्याचा कांदळवृक्ष आहे, मला घरी येऊन कळलं.) मग कांदळाच्या शेंगा दाखवल्या, शेवग्यासारख्या लोंबत होत्या, त्यातलं बी झाडावरच रुजतं आणि मग खाली चिखलात पडतं. एका झाडाकडे मी हात नेला तर लगेच ओरडल्या, तो हुरा निघाला, त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याची वाट लागते. तेव्हा कुठल्याही फांदीला विचारल्याशिवाय हात लावू नका, मुलं असतील तर जास्तच लक्ष ठेवा.

मला यात आवडलं ते हे की अशा पर्यटनात बायकांच्या वाट्याला बहुतेक वेळा चूल आणि होमस्टेच्या चादरी येतात (त्यातूनही पैसे मिळतात, नाही म्हणत नाही), इथे मात्र होडी आणि माहिती दोन्ही त्यांच्या हातात. आणि खाडी टिकली तरच धंदा टिकणार. माशांची, कोळंबीची पिल्लं या मुळांमध्येच वाढतात, म्हणजे कांदळ तोडलं की सफरही गेली आणि घरातली मासेमारीही बसली, हे त्यांना कुणी वेगळं समजवावं लागत नाही. अडचण एकच, पावसाळ्यात होड्या बंद, म्हणजे ते महिने यातून काहीच मिळत नाही. त्यामुळे प्लीज घासाघीस करू नका, आणि जमलं तर नाताळच्या गर्दीत जाण्यापेक्षा मधल्या वारी जा, त्यांनाही रिकाम्या दिवशी काम मिळतं आणि तुम्हालाही निवांत बघता येतं.

आता टायमिंग, कारण सगळा खेळ त्याचाच आहे. आपल्या सोयीची वेळ मागू नका, आधी फोन करून भरती-ओहोटी विचारा. घरबसल्या अंदाज हवा असेल तर जुना हिशोब चालतो, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती ३ च्या सुमाराला आणि ओहोटी ९ च्या आसपास. रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. भरती उलटून पाणी उतरायला लागलं की जा, चिखलही दिसतो आणि होडीही अडकत नाही.

रेल्वेनं येणार असाल तर कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरा, पुढे एसटी किंवा रिक्षा. बुकिंग हॉटेलमार्फत न करता थेट गटाकडेच करा, म्हणजे मधल्यामधे कोणी कमिशन खात नाही. कॅश जवळ ठेवा, रेंजचा भरवसा नाही. टोपी, पाणी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डासांचं मलम. लाईफ जॅकेट मागून घ्या, दुर्बीण असेल तर नक्की न्या, आणि वल्हं मारणाऱ्या ताईंच्या अगदी जवळ कॅमेरा घेऊन बसू नका, पाणी उडतं.