मीटर बसेल, पण खरं दाखवेल का?

जुनी गाडी जपणारे लोक मला एकच प्रश्न सारखा विचारतात: "याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा, आरपीएमचा (म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणारा) काटा असलेला डॅशबोर्डचा मीटर मिळालाय. माझ्या गाडीत बसेल का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बहुतेक वेळा बसतो. बॅटरीची अर्थची (निगेटिव्ह) वायर काढा, चार स्क्रू, एखाद-दुसरा कपलर म्हणजे वायरींचा जोड, झालं. मला काळजी असते ती त्यानंतरची. काटे हलायला लागले की आपण निर्धास्त होतो, आणि चुकीचा काटासुद्धा अगदी छान हलतो.

डॅशबोर्डवरच्या प्रत्येक काट्याचा जोडीदार गाडीत दुसरीकडे बसलेला असतो. पेट्रोलच्या काट्याचा टाकीत, तापमानाच्या काट्याचा इंजिनावर, वेगाच्या काट्याचा गिअरबॉक्सपाशी. मीटर बदलला की जोडीतला एकच बदलतो, हे आधी डोक्यात पक्कं करा.

पेट्रोलचं बघा. टाकीत फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा भाग, वर-खाली होतो तसा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) बदलतो आणि काटा त्यावर चालतो. पण कंपनीगणिक आकडे वेगळे. जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) कित्येक गाड्यांत रिकाम्या टाकीला ० ओहम आणि भरलेल्या टाकीला ९०. जुन्या फोर्डमध्ये रिकाम्याला ७३ आणि भरलेल्याला १०, म्हणजे चक्क उलट. मला हे नीट कळलं ते फ्लोटचं युनिट टाकीतून काढून, पुसून, मोकळ्या हवेत हातात घेतलं तेव्हा. फ्लोटची दांडी बोटाने सावकाश उचलत गेले आणि मल्टिमीटरवरचा आकडा सत्तरीतून उतरत दहावर आला. मी आणलेल्या मीटरला हवं होतं ० ते ९०. तसाच जोडला असता तर भरल्या टाकीला काटा तळाशी राहिला असता आणि टाकी कोरडी पडली तेव्हा पाऊण भरलेली दिसली असती. शेवटी जुन्या मीटरमधला पेट्रोलचा गेज सोडवून नव्यात बसवला.

वेगाच्या काट्यावर माझा फार जीव आहे. केबलवाल्या मीटरमध्ये केबल एक चुंबक फिरवते आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची छोटी वाटी असते. दोघं एकमेकांना शिवतही नाहीत. तरी फिरत्या चुंबकाच्या ओढीने वाटी वळते, केसासारखी स्प्रिंग तिला अडवते, आणि या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो आपला वेग. ओटो शुल्झेने १९०२ साली पेटंट घेतलेली ही युक्ती पुढे कित्येक दशकं गाड्यांमध्ये टिकली.

पुष्कळ डायलवर कोपऱ्यात एक बारीक आकडा छापलेला असतो: किलोमीटरमागे किंवा मैलामागे केबलचे फेरे किती. जपानी गाड्यांत किलोमीटरला ६३७ फेरे हे प्रमाण. त्या केबलला १००० फेऱ्यांचा मीटर लावलात तर ताशी १०० ला काटा ६४ च्या आसपास रेंगाळेल. कमी वेग दाखवणारा मीटर फार धोक्याचा. त्यामुळे जोडल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग स्थिर ठेवा आणि शेजारी बसलेल्याला जीपीएसवरचा आकडा वाचायला सांगा.

आरपीएमचं सोपं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला कॉइलकडून दोन ठिणग्या, सहाच्या इंजिनात तीन. सहाचा मीटर चारच्या गाडीत लावला तर इंजिन ३००० वर असताना काटा २००० दाखवतो.

बॅटरीच्या लाल दिव्याबद्दल मात्र आवर्जून सांगायचंय. मीटर उघडलाच आहे तर सगळे बल्ब एलईडी करू, असं सगळ्यांनाच वाटतं. मीही केलं. दोन दिवसांनी गाडी सुरू होईना. बेल्ट तपासला, टर्मिनल घासले, बॅटरीवर संशय घेतला. दोष होता त्या एका एलईडीत. पुष्कळ जुन्या अल्टरनेटरना (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरना) चार्जिंग सुरू करायला लागणारा थोडासा करंट त्या बल्बमधूनच जातो, आणि एलईडी तेवढा जाऊ देत नाही. जुना बल्ब परत लावला आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट दिसले. बाकीचे दिवे खुशाल बदला, हा एक राहू द्या.

आता किलोमीटरचा आकडा. दुसऱ्या गाडीचा मीटर म्हणजे दुसऱ्या गाडीचे किलोमीटर. काढण्याआधी जुन्या मीटरचा फोटो घ्या, बसवताना नव्याचा घ्या, तारखेसकट सर्व्हिस बुकमध्ये लिहून ठेवा आणि गाडी विकताना समोरच्याला ते पान दाखवा. यात मी कुणालाही सवलत देत नाही.

हे सगळं साध्या वायरिंगच्या गाड्यांपुरतं. नंतरच्या कित्येक गाड्यांत किलोमीटर चिपमध्ये साठवलेले असतात, काहींत इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा, हीही मीटरशीच बांधलेली असते. अशा इमोबिलायझरवाल्या गाडीत नुसती अदलाबदल केली तर गाडी सुरूच होणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी विचाराल तेव्हा दोन्ही मीटरचे फोटो पाठवा: डायलवरचा बारीक आकडा वाचता येईल असा एक, आणि कपलरच्या पिना दिसतील असा मागच्या बाजूचा एक.