पत्रपेटीवर नाव नव्हतं म्हणून

आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात पोस्टमन पत्ता वाचत बसत नाही. आडनाव पाहतो आणि खालूनच हाक मारतो. जर्मनीत मात्र पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. हे मला बडोद्याहून निघताना कुणीच सांगितलं नाही. दीड महिना त्यात गेला, अजून आठवलं की चीड येते.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये मी मास्टर्ससाठी गेले. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे वर्षभराच्या खर्चासाठी आधीच खात्यात अडकवून ठेवायचे तेव्हाचे 11,208 युरो, खोली, सगळं वेळेवर झालं. महिन्याभरात एका कॅन्टीनमध्ये कामही मिळालं, तासाला 12.41 युरो, म्हणजे तेव्हाचं किमान वेतन. करारावर सही करताना तिथल्या बाईंनी विचारलं, "टॅक्स आयडी?"

हा पगारावरच्या करासाठी लागणारा अकरा आकडी नंबर. शहरात पत्त्याची नोंदणी केली की दोन-तीन आठवड्यांत आपोआप पोस्टाने येतो. माझी नोंदणी पहिल्याच आठवड्यात झाली होती. पण पेटीवर नाव फक्त घरमालकिणीचं. मी दोनदा आठवण करून दिली, दोन्ही वेळा ती "लावते" म्हणाली. मी रोज संध्याकाळी पेटी उघडायची आणि आत जाहिरातींची पत्रकं. केंद्रीय कर-कार्यालयाला फोन केला, तर नंबर फोनवर सांगता येत नाही, गोपनीयतेचा नियम. ईमेलवरही नाही. ऑनलाइन अर्ज करा, पत्र पुन्हा पोस्टाने येईल, चार आठवडे धरा. म्हणजे परत त्याच पेटीत! त्या रात्री वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत आडनाव लिहिलं आणि स्वतःच चिकटवलं. पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

तोवर पहिला पगार झाला. नंबर नाही म्हणून सहाव्या कर-वर्गातून कापलेला, आणि सगळ्यांत जास्त कपात त्याच वर्गात. बाबा फोनवर म्हणाले, "अगं, इथून पाठवतो ना." मला तेच नको होतं.

शेवटी वर्गातल्या एका मुलीने सांगितलं, पासपोर्ट आणि नोंदणीचा दाखला घेऊन गावातल्या कर-कार्यालयात स्वतः जा. पाऊण तास रांगेत उभी राहिले. खिडकीवरच्या माणसाने दोन मिनिटांत कागद छापून हातात दिला. बाहेर येऊन मी रडले.

जादा कापलेला कर पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर परत आला. ते भराच, चार वर्षांपर्यंत भरता येतं.

आणि दिवस मोजा. मार्च 2024 पासून आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, चार तासांपर्यंत अर्धा दिवस. मी कॅलेंडरवर रोज खूण करायचे. विद्यापीठातच सहाय्यकाचं काम मिळालं तर ते यात धरत नाहीत, म्हणून आधी तिथे विचारा. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून बिलं लावायची कामं परवानगीशिवाय घेऊ नका, कितीही पैसे देत असले तरी.

समोरच्या काकूंचा मुलगा येत्या ऑक्टोबरात निघतोय. त्याच्या आडनावाच्या चार पट्ट्या मी रावपुऱ्यात छापून आणल्यात. त्या पासपोर्टच्याच पाकिटात ठेवायला सांगितल्यात.