स्पिती, इंजिन ऑइल आणि म्हापशातला ड्रम

जानेवारीत गाडी घेऊन हिमाचलातल्या स्पितीला जायचं ठरलं. कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद, म्हणून शिमला-किन्नौरवरून. रजा, खोल्या सगळं जमलं. अडलं ते इंजिन ऑइलपाशी, आणि तेही म्हापशात, जिथे जानेवारीत चादरीवर भागतं.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर सांगितलं, मॅन्युअलप्रमाणे ५डब्ल्यू-३० ग्रेडचं (थंडीत पातळ राहणारं) ऑइल घाला. "पात्रांव, गोंयांत थंडी खंय?" म्हटलं, गाडी गोव्यात थांबणार नाही. तर म्हणे ड्रममध्ये २०डब्ल्यू-४० आहे, सगळ्यांना तेच जातं, बाहेरचं घातलंत तर वॉरंटी जाईल. मी मॅन्युअलमधला तक्ता पुढे सरकवला. तापमानाच्या आडव्या पट्ट्या, आणि उणे ३० पर्यंत पोचणारी एकच, ५डब्ल्यू-३० ची. त्याने त्यावर चहाचा कप ठेवला. साहेबांना विचारा म्हणे. साहेब जेवायला गेलेले. आले ते फोनवर बोलतच, आणि त्यांनीही वॉरंटीचीच टेप लावली. शेवटी म्हटलं, वॉरंटी जाते एवढं लेटरहेडवर लिहून द्या, मी निघतो. लिहून द्यायला कोणी तयार होईना. तिथून पुढे सगळे एकदम गोड बोलायला लागले.

सीलबंद कॅन मी बाजारातून आणला. जॉब कार्डवर 'ऑइल ग्राहकाचे' लिहून घ्या आणि सील आपल्यासमोर फोडायला लावा. मेकॅनिक पोरगा गुणी, जुनं ऑइल पूर्ण निथळू दिलं, फिल्टर आणि ड्रेन वॉशर न सांगता बदलले. तरी बिलात ड्रममधल्या ऑइलचे पैसे लागलेच होते! काढायला लावले.

हट्ट कशासाठी, तर डब्ल्यूच्या आधीचा आकडा गार इंजिनाचा. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. स्पितीतल्या काझाला जानेवारीत रात्री पारा उणे २० च्याही खाली जातो. तिथे २०डब्ल्यू काकवीसारखं घट्ट होतं, स्टार्टरचा जीव जातो आणि ऑइल वर चढेपर्यंत इंजिन कोरडं घासतं. आमची गाडी तिथे पहिल्या सेल्फला सुरू झाली. काउंटरवाल्याला व्हिडिओ पाठवायचा मोह कसाबसा आवरला.

मागचा ३० हा १०० अंशांवरचा हिशेब, त्यामुळे मॅन्युअलला चालत असेल तर परत आल्यावर गोव्याच्या उन्हासाठी ऑइल बदलायची घाई नको. बुलेटवाल्यांनो, कारचं ऑइल बाइकला नको, क्लच घसरतो. डब्यावर जासो एमए२ हा बाइकच्या ऑइलचा शिक्का बघा. डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली) बीएस६ डिझेल गाडी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेलं कमी राखेचंच ऑइल.

हो, कूलंट राहिलंच. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास नळाचं पाणी ओततात, ते तिकडे गोठतं. निघण्याआधी कूलंट पूर्ण बदलून घ्या. आणि कॅनमध्ये उरलेलं ऑइल डिकीत ठेवा, वाटेत हाच ग्रेड मिळेल या भरवशावर राहू नका.